घरच्या ओळीची भेंडी

आमच्या भागात भेंडी पिकवणारा माणूस स्वतःची भेंडी खात नाही. म्हणजे खातो, पण विकायची खात नाही. वावराच्या एका कडेला, शक्यतो विहिरीजवळ, एखादी ओळ घरासाठी राखलेली असते. तिच्यावर औषध मारायचं नाही, एवढाच तिचा नियम. कुणी हे मोठ्याने सांगत नाही. देवळाली प्रवराच्या आसपास कुठल्याही भाजीच्या वावरात शिरा, घरची ओळ दिसेल. तिच्याविषयी विचारलंत तर मालक विहिरीच्या पाण्याबद्दल बोलायला लागेल.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. वावर तोवर वाट्याने दिलेलं होतं. निवृत्त झालो आणि शेती आपणच करायची असं मनाने घेतलं. बायकोने पहिल्या दिवशीच माझी पायरी दाखवून दिली. लावणं, खुरपणं, पाणी देणं, तोडायच्या बाया सांगणं तिच्याकडे. माझ्याकडे पंप पाठीवर घेऊन औषध मारणं आणि बांधावर उभं राहून पिकाविषयी मतं देणं. दुसरं काम मी पहिल्यापेक्षा बरं करायचो.

यंदा वीस गुंठे भेंडी होती. त्यात घरची एक ओळ, गावरान बियाण्याची: आखूड, फिकट, अंगावर लव असलेली, बाजारात कुणी ढुंकून बघणार नाही अशी. पण तव्यावर पडली की तीच राणी. झाडं लहान असताना सगळ्या ओळी मला सारख्याच दिसायच्या, म्हणून बायकोने त्या ओळीच्या टोकाला काठी रोवून तिला जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली आणि मला म्हणाली, "चिंधी दिसली की पंप बंद. समजलं?"

मी म्हणालो, "पस्तीस वर्षं मुलांना शिकवलंय मी."

"म्हनून तर चिंधी बांधली," ती म्हणाली.

मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून यायची होती. सातवा लागला होता, पण तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. वरण नको, भात नको, दुधाचा वास आला तरी तोंडावर हात धरून पळायची. फोनवर आईला म्हणाली, "तुझ्या हातची भेंडी आणि भाकरी, एवढंच खावंसं वाटतंय गं." तेव्हापासून बायको त्या ओळीकडे अशी बघायची की मीसुद्धा तिथून जाताना चपलांचा आवाज करत नव्हतो.

मुलगी ज्या दिवशी संध्याकाळी येणार, त्याच दिवशी सकाळी मी औषध मारलं. मावा पडला होता, थांबून चालणार नव्हतं. मधेच नोझल गळायला लागलं, ते मी पुसलं, चहा घेतला, परत लागलो, चिंधीची ओळ सोडली, बाकी सगळं मारून अकराच्या आत घरी. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला होता. हा अभिमान लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोवळी भेंडी आणायला म्हणून ओळीवर गेलो, तर ओळ रिकामी. आदल्या दिवशी ज्या झाडांवर बोट-बोट भेंड्या बघितल्या होत्या, तिथे नुसते देठ. ताजे तोडलेले. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच.

घरी बायकोला सांगितलं. ती पीठ मळत होती. वर न बघता म्हणाली, "असंल. राहिली हुती थोडी, ती मी तोडली." आणि खरंच, ताटात भेंडी होती. मुलीला वाटीभर, मला चार फोडी.

ही बायकोची भेंडी कशी असते ते सांगितलं पाहिजे, नाहीतर माझा संशय एवढा का पेटला ते कळणार नाही. ती भेंडी आदल्या संध्याकाळी धुते, एकेक पुसते आणि फडक्यावर रात्रभर पसरून ठेवते. सकाळी चिरते. लोखंडी तवा चांगला तापला की तेल, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि मग भेंडी. झाकण ठेवायचं नाही. सारखं ढवळायचं नाही. मीठ अगदी शेवटी. कडा काळसर झाल्या की वरून दाण्याचा कूट आणि लिंबाचे दोन-चार थेंब. तार म्हणून शोधून सापडणार नाही. एकदा ती माहेरी गेलेली असताना मी हे करून बघितलं. भेंडी आधी चिरली, मग धुतली, मग झाकण ठेवून निवांत पेपर वाचला. जे तयार झालं त्याने शाळेतल्या सगळ्या प्रयोगवह्यांना कव्हरं चिकटवता आली असती.

तर अशी भेंडी, आणि माझ्या वाट्याला चार फोडी. मुलगी मात्र भाकरी चुरून, डोळे मिटून खायची. खाल्लेलं टिकायचं. पहिल्यांदा टिकलं तेव्हा बायकोने तोंड फिरवून पदराने डोळे पुसले. आणि कुणीतरी माझ्या लेकीच्या तोंडचा हा घास पहाटे येऊन तोडून नेत होतं.

मी निरीक्षणवही काढली. खरंच काढली. संध्याकाळी ओळीवर जाऊन भेंड्या मोजायच्या, सकाळी पुन्हा मोजायच्या. संध्याकाळी त्रेसष्ट, सकाळी शून्य. संध्याकाळी अठ्ठावन्न, सकाळी शून्य. यातून चोर दिवसा येत नाही, एवढा निष्कर्ष निघाला. संशयितांची यादीही केली. तोडायला येणाऱ्या बाया त्यात पहिल्या होत्या. भेंडीची लव हाताला खाजते म्हणून त्या हातात जुने पायमोजे घालून तोडतात. मला एकदम वाटलं, मोजे घातल्यावर ठसे कुठून राहणार! हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "ठसे बघायला कोन येनार हाय? नगरावरनं कुत्रं आनताय का?"

बाया आठ वाजता रिक्षाने येतात आणि ओळ सहालाच रिकामी असते, म्हणून त्यांना यादीतून काढलं. मग राहिली ती शेजारच्या वावरातली वहिनी.

वहिनी म्हणजे माझ्या चुलत भावाची बायको. दोन वावरांमध्ये एक बांध, आणि त्या बांधावरून आमची दोन घरं वर्षातून तीनदा भांडतात. वहिनी चार वाजता उठते. वहिनीच्या चालण्याचा आवाज येत नाही. आणि गेले काही दिवस ती मला बघून हसत होती. माझ्याकडे बघून वहिनी हसली, असं त्याआधी माझ्या लग्नात झालं होतं.

त्यात मला पुरावा सापडला. काठीला बांधलेल्या चिंधीची गाठ वेगळी होती. औषध मारताना ती चिंधी मीच सोडून पुन्हा बांधली होती, त्यामुळे माझी गाठ मला माहीत होती: बुटाच्या नाडीची, दोन फासांची. आता तिथे बारीक, घट्ट, दाताने ओढून मारलेली गाठ होती. ही बाईमाणसाची गाठ. मी वहीत लिहिलं: 'चिंधी हाताळली गेली आहे. का?' आणि खाली दोन रेघा ओढल्या.

पाचव्या दिवशी मी पहाटेच जाऊन मोटारीच्या खोलीआड दबा धरला. फाल्गुन लागला होता तरी विहिरीजवळ चांगलंच गार होतं. डोळ्यात तेल घालून बसलो. जाग आली तेव्हा ऊन तोंडावर आलं होतं, ओळ रिकामी होती आणि माझ्या अंगावर शाल होती. शाल आणल्याचं आठवत नव्हतं. पण वय झालं की माणूस काय काय विसरतो, असं म्हणून मी ती घडी करून घरी आणली.

बायकोने विचारलं, "सापडला का चोर?"

"सापडेल," मी म्हणालो. "एक पाऊल राहिलंय."

"त्या दिवशी औषध सगळं नीट मारलं हुतं ना?" तिने मधेच विचारलं.

"म्हणजे काय! घरची ओळ सोडून सगळं."

"व्हय का," ती म्हणाली. हा 'व्हय का' चांगला लांबलचक होता. आमच्या संसारात तिचा 'व्हय का' लांबला की माझ्या हातून काहीतरी झालेलं असतं. पण त्या दिवसांत मी दुसऱ्यांवर संशय घेण्यात इतका गुंतलो होतो की हे मनावर घेतलंच नाही. उलट मलाच वाटलं, हिला काहीतरी माहीत आहे आणि ही जाऊबाईला पाठीशी घालते आहे.

जेवताना मी मुलीला मोठ्याने ऐकवलं, "घरच्या ओळीची चवच वेगळी. दुसऱ्याच्या वावरातली असती ना, तर पहिल्या घासाला ओळखली असती मी."

बायको भाकरी थापता थापता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

आठव्या दिवशी सकाळी मी वहिनीच्या दारात. निमित्त होतं पान्याचं, म्हणजे मोटारीचा नट सैल झालाय, जरा पाना द्या. वहिनी ओट्यावर बसून सूप मांडीवर घेऊन भेंडी निवडत होती. सुपात आखूड, फिकट, लव असलेली भेंडी. माझी भेंडी! बाजारात असली कुठे मिळत नाही. मी एक उचलली, मोडली आणि मोडलेल्या तोंडाच्या शिरा मोजल्या. आठ. विकायच्या भेंडीला पाच असतात.

"आठ शिरा," मी म्हणालो.

"मग? नऊ पायजे हुत्या का?" वहिनी म्हणाली.

"वहिनी, ही भेंडी लई ओळखीची वाटते हो."

तिने सूप खाली ठेवलं. "भाऊजी, पाना न्यायला आलाय का दुसऱ्या कामाला आलाय?"

"तसं नाही. आमच्या ओळीवरची भेंडी सात दिवस रोज पहाटे नाहीशी होतेय. घरात दोन जिवांची पोरगी आहे. तिला फक्त तेवढंच पचतं. मी कुणाचं नाव घेत नाही..."

"नाव नका घेऊ, दारात तर येऊन हुबं राहिलाय की," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, हे जास्त वाईट. "बी कुनी दिलं हुतं तुमच्या घरात? ह्याच गाडग्यातलं बी. तुमची आठ शिरांची, मग माझी काय गोल असनार हाय? आन् एक सांगा मास्तर, हे सात दिस तुमी जी भेंडी मिटक्या मारून खाताय ना, ती कुटनं येतीय, ते घरी जाऊन इचारा. रोज सांजच्याला ओटी भरून देतीय मी. पोरीसाठी म्हनून. तुमच्यासाठी न्हाई."

हातातली मोडलेली भेंडी सुपात परत ठेवावी की खिशात घालावी, हे कळेना. शेवटी तोंडात टाकली. वहिनी म्हणाली, "बघा, चोर कोन हाय ते!" आणि मग मात्र ती हसली, तेच सात दिवसांचं हसू.

बांधावरून घरी येईपर्यंत मी एकच हिशेब मांडत होतो. माझ्या घरात भेंडी वहिनीची येते. मग माझ्या ओळीवरची जाते कुठे? आणि बायको गप्प का?

बायको तव्यापुढे होती. मी विचारलं. तिने गॅस बारीक केला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"तुमाला खरंच म्हाईत न्हाई?"

"काय माहीत नाही?"

"मला वाटलं, तुमाला ठावं हाय आन् लपवताय. सात दिस वाट बघतीय, आज कबूल करतील, उद्या कबूल करतील." ती चटकन दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "पोरगी आली त्याच्या दुसऱ्या दिशी पाचला गेले भेंडी आनायला. पानाला हात लावला तर वास. सगळ्या ओळीवर पांढुरके डाग, पानाच्या मागनं सुदीक. औषध मारलंय. आन् चिंधी बघते तर मधल्या ओळीवर. विकायच्या!"

मग माझ्या डोळ्यांपुढून ती सकाळ सरकली. नोझल गळत होतं. पुसायला फडकं नव्हतं. विहिरीजवळच्या काठीला लाल चिंधी दिसली, ती सोडून आणली, नोझल पुसलं आणि मी जिथे उभा होतो तिथल्याच एका झाडाला बांधून टाकली, दोन फासांची गाठ मारून. मग चहा. चहानंतर आलो, चिंधी बघितली, आज्ञाधारकपणे ती ओळ सोडली आणि विहिरीपर्यंतच्या बाकी सगळ्या ओळी धुऊन काढल्या. बायकोने चिंधी परत जागेवर नेऊन बांधली. ओळ बदलली हे मला कळलं नाही. गाठ बदलली हे मात्र मी दोन रेघा ओढून लिहून ठेवलं होतं.

"मग तोडत कोण होतं?"

"मी. दुसरं कोन? ती उठली की सुटती वावरात. लहानपनापासनं कच्ची भेंडी झाडावरनं तोडून खायची सवय हाय तिला, तुमाला काय म्हाईत न्हाई का? ती उठायच्या आत सगळी तोडून खड्ड्यात पुरत हुते. तुमी तिथं घोरत पडला हुता त्या दिशी, वरनं शाल टाकली."

"मला सांगायचं ना!"

"तुमाला सांगायचं? तुमच्या पोटात काय ऱ्हातंय? तिला कळलं असतं. औषधाचं नाव ऐकून तिनं भेंडीच सोडली असती. मग काय घालू तिला? एवढंच तर टिकतंय."

"काय कळलं असतं?" मुलगी दारात उभी होती.

तेवढ्या क्षणात आम्ही दोघांनी जे चेहरे केले, त्यावरूनच तिला अर्धं समजलं असणार. बाकीचं मी सांगितलं. सांगावंच लागलं, आणि खरं सांगायचं तर थोडं रंगवूनही सांगितलं, ती हसेल म्हणून. ती हसली नाही. तव्याकडे बघत राहिली.

"ती काकूंची हाय," बायको घाईने म्हणाली. "तिच्यावर कसलंच औषध न्हाई. शप्पत!"

मुलगी म्हणाली, "आई, ते कळलं. पण पप्पा, पुण्यात मी मंडईतून आणते ती कोणाच्या ओळीची असते?"

मी पस्तीस वर्षं वर्गात उभा राहिलोय. उत्तर येत नसलं की मी मुलांना म्हणायचो, छान प्रश्न आहे, उद्या घेऊ. तेव्हाही तोंडात तेच आलं होतं. गिळलं.

त्या दिवशी तिने भेंडी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बायकोने मुगाची खिचडी केली, ती उलटून पडली. लापशी केली, तीही. वहिनी संध्याकाळी ओटीत भेंडी घेऊन आली, मुलीच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, "माझ्या हातची बी नगं का गं?" मुलगी मान हलवून म्हणाली, "काकू, तुमच्यावर नाही हो माझा संशय. पण घास तोंडाशी नेला की वास येतो. नसतो, तरी येतो." हे ऐकून मी उठून बाहेर गेलो. विहिरीच्या कठड्यावर बसून आठवलं, तिला तिसरीत असताना मी शिकवलं होतं, दिसत नाही म्हणून नाही असं समजायचं नाही.

दुसऱ्या दिवशी आलेल्या तोडणीच्या बाया मी परत पाठवल्या. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर भिंग घेऊन पहिल्यांदा वाचलं. त्यात जेवढे दिवस थांबायला सांगितलं होतं, तेवढे भरेपर्यंत तोडणी बंद. दोन दिवसांत विकायची भेंडी एवढी जून झाली की मोडायला गुडघा लावावा लागला. सगळी खड्ड्यात गेली, बायकोने रोज पुरलेल्या भेंडीवरच. मी यात फार मोठं काही केलं असं मला वाटत नाही; त्याआधीच्या तोडण्या नगरला गेल्याच होत्या, आणि कुणीतरी त्या पुसून, चिरून, तव्यावर टाकल्याच असणार.

बाटलीवरचे दिवस भरले आणि वर बायकोने आपल्या मनाने आणखी तीन घातले. तेवढे दिवस मुलीने कोरडी भाकरी आणि शहाळ्याच्या पाण्यावर काढले. मग एका सकाळी तिने घरच्या ओळीवरची नवी, बोटाएवढी भेंडी आणली. आदल्या संध्याकाळी नाही, त्याच सकाळी, म्हणाली, "आज पोरीच्या डोळ्यांसमोर धुवायची." तीन पाण्यांनी धुतली. मुलीने स्वतः एकेक पुसली. वहिनी न बोलावता आली आणि पाटावर बसली. तवा तापला, लसणाचा वास सुटला. मुलीने नाकाला पदर लावला नाही, हे आम्ही तिघांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

बायकोने ताट वाढलं. मुलीपुढे नाही, माझ्यापुढे.

"आधी तुमी खा."

"मी?"

"मग कोन? औषध मारनारा कोन हाय?"

मी घास घेतला. तीन बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. शाळा तपासायला आलेल्या साहेबांपुढेसुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो. चावलं. भेंडी कुरकुरीत होती, कडेने किंचित जळलेली, कूट दाताखाली येत होता, मिरची मागून आली. मी दुसरा घास घेतला. मग तिसरा.

"कसं वाटतंय?" वहिनीने विचारलं.

"जरा थांबा," मी म्हणालो. "निरीक्षण चाललंय. निदान अर्धा तास..."

"ह्यो अर्ध्या तासात तवा पुसून खाईल गं," वहिनी मुलीला म्हणाली.

मुलगी सरकून माझ्या शेजारी आली. माझ्या ताटातली एक फोड उचलली, नाकाजवळ नेली, बराच वेळ धरली. बायकोने हातातला कालथा खाली ठेवला नव्हता. मग मुलीने ती फोड तोंडात टाकली. चावली. माझ्या ताटातली भाकरी अर्धी मोडून घेतली आणि माझं ताट स्वतःकडे ओढलं.

मी हात चाटत बसलो. बायको म्हणाली, "तुमाला वाढते दुसरं," आणि तव्याकडे वळता वळता मला विचारलं, "चिंधी हाय ना जागेवर?"

"आहे," मी म्हणालो.

तरी ती भाजी वाढायच्या आधी स्वतः जाऊन बघून आली.